शाल नको, गुडघ्याचं बघा: एका तालमीच्या जुन्या फुटबॉल संघाचं प्रकरण

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका तालीम मंडळाचं आहे. मी या मंडळाचा हिशेब बघतो. खेळाडूंची नावं, पेठ आणि स्पर्धेचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना आधी विचारलं आहे.

पार्श्वभूमी

कोल्हापुरात फुटबॉल हा तालमींचा खेळ. कुस्तीच्या आखाड्यांभोवती उभ्या राहिलेल्या मंडळांनीच पुढे गणपती, शिवजयंती आणि फुटबॉल अशी तिन्ही कामं अंगावर घेतली. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस या संघांच्या नावांवर इथे माणसं जीव टाकतात. हंगाम थंडीत सुरू होतो तो उन्हाळाभर चालतो, आणि शाहू स्टेडियमवर चारचा सामना असला की पेठेतली निम्मी शटरं तीनलाच खाली येतात.

आमच्या तालमीने १९९६-९७ च्या हंगामात एक मोठी स्पर्धा जिंकली. त्या संघाचा फोटो अजून ऑफिसात आहे. त्यात अठरा जण आहेत, मागे उभे, पुढे बसलेले, आणि डावीकडून दुसरा आमचा लेफ्ट आऊट, म्हणजे डाव्या कडेने पुढे खेळणारा. मी त्या वर्षी नववीत होतो. सामन्याच्या दिवशी बर्फाची पिशवी आणि पाण्याच्या बाटल्या धरून लाईनजवळ बसायचो. त्यामुळे ही सगळी माणसं माझ्या डोळ्यांसमोर पळालेली आहेत.

२०२२ मध्ये त्या विजयाला पंचवीस वर्षं होत होती. कोरोनाने दोन वर्षं सगळं ठप्प झालेलं. आता काहीतरी दणक्यात करायचं म्हणून जानेवारीच्या बैठकीत ठरलं की सगळ्या अठरा खेळाडूंचा सत्कार करायचा. फेटे, शाली, शील्ड, स्टेज, साउंड, शेवटी तांबडा-पांढरा रस्सा. दोन लाख चाळीस हजार वर्गणी जमली. पत्ते शोधून निमंत्रण द्यायचं काम माझ्याकडे आणि दुसऱ्या एका कार्यकर्त्याकडे आलं.

प्रश्न कुठे उभा राहिला

सहाव्या की सातव्या घरी आम्ही लेफ्ट आऊटकडे गेलो. तो एका मंगल कार्यालयात वॉचमन होता. मागच्या दाराने किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला तेव्हा जिना उतरताना त्याने कठड्याला दोन्ही हात लावले होते. एक पाय खाली, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, असा आडवा उतरत होता. खुर्चीवर बसला आणि पँट वर करून गुडघ्यावरचं क्रेप बँडेज नीट करायला लागला. बँडेज निसटू नये म्हणून त्यावर आमच्याच संघाचा जुना स्टॉकिंग चढवलेला. रंग विटला होता, पट्टे ओळखू येत होते.

आम्ही पत्रिका दिली. त्याने दोन्ही बाजू वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "शाल नको रं बाळ. जमलं तर गुडघ्याचं काहीतरी बघा."

मी घरी आलो आणि त्या रात्री जुने वहीखाते काढले. १९९८ च्या हंगामात 'स्प्रे, इंजेक्शन, बँडेज' असा एक खर्च मला सापडला. काय झालं होतं ते मला चांगलं आठवतंय. लीगच्या सामन्यात त्याचा गुडघा आतल्या बाजूला मुरगळला. एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं, सगळे सुटलो म्हणाले. पण लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही. आठवड्याने उपांत्य सामना होता. त्याला इंजेक्शन देऊन खेळवलं. त्याने गोलही केला, आणि आम्ही त्याला खांद्यावर घेऊन मिरवला. नंतर गुडघा अधूनमधून निसटायला लागला, एका हाडवैद्याकडे मालीश झाली, आणि दोन हंगामांत त्याचं नाव यादीतून गेलं. तेव्हा तो २६ वर्षांचा होता.

ते इंजेक्शन आमच्या मंडळाच्या पैशातून आलं होतं. सत्काराचा प्रश्न माझ्यापुरता तिथे बदलला.

अठरा जणांचं काय झालं

निमंत्रणाचं काम थांबवून आम्ही आधी चौकशी सुरू केली. घरोघरी दोघांनी जायचं, बसायचं, चहा घ्यायचा, आणि चारच गोष्टी विचारायच्या: काम काय, दुखतंय काय, घरात कमावतं कोण, मंडळाकडून काय हवंय. फोनवर विचारायचं नाही असं ठरवलं होतं. फोनवर प्रत्येक जण "एकदम मजेत" म्हणतो.

तिघे गेले होते. एक दारूने, एक महामार्गावरच्या अपघातात, एक २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत. तिघांच्याही घरी मंडळाचं कुणी नंतर गेलं नव्हतं.

चौघे पक्क्या नोकरीत होते: एक पोलिसात, एक एसटीत कंडक्टर, एक शाळेत क्रीडाशिक्षक, एक दूध संघात. कंडक्टर तेव्हा संपावर होता, महिने न् महिने पगार नव्हता, तरी त्याने वर्गणी देऊ केली. दोघे उद्यमनगरात फाउंड्रीत मोल्डर. एक हुपरीत चांदीच्या कामावर. दोघे रिक्षावर, त्यातल्या एकाचं घर २०१९ च्या पुरात कमरेएवढ्या पाण्यात गेलेलं. एक पुण्यात सिक्युरिटीला. एक मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची (ढेपांची) हमाली करत होता.

या हमालाबद्दल आमचा अंदाज साफ चुकला. मदतीच्या यादीत आम्ही त्याला पहिल्या तिघांत धरलं होतं. तो म्हणाला, मला काही नको, माझी माथाडी मंडळात नोंदणी आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याला भविष्य निर्वाह निधी होता, ग्रॅच्युइटी होती, पगारी सुट्टीसुद्धा. फाउंड्रीतले दोघे मात्र पंचवीस वर्षं कंत्राटदाराकडे, हातात कागदाचा एक चिटोरा नाही. कपड्यांवरून माणसाची अवस्था ठरवायची नाही हे त्या दिवशी कळलं.

पंधरावा, आमचा राईट हाफ, ठाण्यात बँकेत अधिकारी आहे. त्याची आणि लेफ्ट आऊटची गोष्ट एकत्रच सांगावी लागते.

१९९७ च्या मार्चमध्ये दोघांनाही मुंबईतल्या एका बँकेच्या संघाच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं होतं. मुंबईत तेव्हा बँका, रेल्वे, कंपन्या खेळाडूंना नोकरी देऊन संघात घेत. सकाळी मैदानावर सराव, नंतर टेबलावर काम. चाचणीची तारीख आणि आमचा उपांत्य सामना एकाच दिवशी आला. पदाधिकाऱ्यांनी दोघांच्या घरी जाऊन सांगितलं, पेठेची इज्जत आहे, नोकऱ्या काय पुन्हा येतील. राईट हाफ रात्रीच्या गाडीने मुंबईला गेला. त्याच्या दारावर शेण मारलं गेलं, वर्षभर त्याच्या वडिलांशी कट्ट्यावर कुणी बोललं नाही. लेफ्ट आऊट राहिला.

दोघांत चांगला खेळाडू लेफ्ट आऊट होता. हे राईट हाफ स्वतः सांगतो.

मुंबईला गेलं म्हणजे जन्माची ददात मिटली असंही नव्हतं. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, मुंबई एफसी २०१७ मध्ये. फरक इतकाच की बँकेत लागलेल्या पोराचा संघ मोडला तरी टेबल राहतं. आमच्या पोरांकडे संघच होता, आणि गुडघा गेल्यावर तोही नव्हता.

सोळावा लेफ्ट आऊट स्वतः. उरलेल्या दोघांपैकी एक आमचा स्टॉपर, म्हणजे बचावात मधोमध खेळणारा, आणि एक राखीव बॅक, ज्याचा पत्ताच लागला नाही.  वहीत सगळ्यांना क्रमांक देऊन मोजल्यावर अठरा बरोबर आले: तिघे गेलेले, चौघे नोकरीतले, फाउंड्रीतले दोघे, रिक्षावाले दोघे, हुपरी, पुणे, मार्केट यार्ड आणि ठाणे इथले एकेक, लेफ्ट आऊट, स्टॉपर, आणि न सापडलेला.

स्टॉपरचं छोटं किराणा दुकान आहे. आम्ही गेलो तेव्हा एक बाई दूध पिशवी घेऊन उभी होती आणि तो दहाच्या नोटा मोजत होता. तीनदा मोजल्या. मुलीने आतून येऊन हळूच त्याच्या हातातून घेतल्या आणि सुट्टे दिले. ती म्हणाली, दोन वर्षं झाली, वजनकाट्यावर वजन ठेवतात आणि विसरतात, लोक म्हणतात पिऊन बसलेत, ते तर पीतच नाहीत. या माणसाने हजारो चेंडू डोक्यावर घेतले आहेत. गोलकीकला समोरून आलेला प्रत्येक चेंडू त्याचाच असायचा.

इथे सावध राहिलं पाहिजे. स्कॉटलंडमध्ये २०१९ साली माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदू झिजण्याच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्य लोकांच्या सुमारे साडेतीन पट आढळलं. १९६६ चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या संघातल्या पाच जणांना स्मृतिभ्रंश झाला, त्यात चार्लटन बंधू दोघेही. पण यावरून आमच्या स्टॉपरचं कारण तेच, असं कुणी म्हणू शकत नाही. रक्तदाब, मधुमेह, वय, आनुवंशिकता, कितीतरी गोष्टी असतात. तरी डॉक्टरला 'हे वीस वर्षं स्टॉपर खेळलेत' हे सांगायला हवं, आणि ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

कोणते पर्याय तपासले

पहिला पर्याय, ठरल्याप्रमाणे सत्कार करायचा आणि गरजूंना त्यातच पाकीट द्यायचं. बैठकीत बहुतेकांना हेच बरं वाटलं. मी विरोध केला. स्टेजवर पाकीट घेणाऱ्याचा फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या पेठेत फिरतो, आणि पाकिटातले पाच हजार गुडघ्याला पुरत नाहीत.

दुसरा, मदतीसाठी प्रदर्शनी सामना. यावर दोन बैठका गेल्या. प्रतिस्पर्धी तालमीचे जुने खेळाडू यायला तयार होते. लेफ्ट आऊटने नाही म्हटलं. "माझा लंगडता फोटो बोर्डावर लावून पैसे गोळा करू नका," इतकंच तो बोलला. त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, त्याला समजवायचा प्रयत्न केला, तो ऐकेना. मला वाटतं त्याचं बरोबर होतं, आणि त्याला विचारायच्या आधीच आम्ही तारीख ठरवायला बसलो होतो ही आमची चूक होती.

तिसरा, सरकारी मदत. खेळाडूंसाठी केंद्राचा कल्याण निधी आहे, पण तो देशासाठी नाव कमावलेल्यांचा. राज्यात नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे, पण त्याला मान्यताप्राप्त स्पर्धांची प्रमाणपत्रं आणि वय लागतं. पेठेच्या संघासाठी जीव काढलेला माणूस या दोन्हींत कुठेच बसत नाही. एक वाट मात्र उघडी होती. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवाव्या लागतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हवा. लेफ्ट आऊटचं नाव अजून थोरल्या भावाच्या कार्डावर होतं. वेगळं कार्ड काढण्यात दोन महिने गेले.

चौथा, दरमहा मानधन. गणपतीच्या वर्गणीवर दरमहाचा शब्द देणं धोक्याचं होतं. एखाद्या वर्षी वर्गणी कमी आली की सगळ्यात आधी हाच खर्च कापला जाणार हे मला हिशेबावरून दिसत होतं. शब्द देऊन मोडण्यापेक्षा न दिलेला बरा, असं ठरलं.

एक अडचण कुणाच्या लक्षात आली नव्हती, ती एका जुन्या सभासदाने काढली. वर्गणी सत्कारासाठी मागितली आहे, मग उपचाराला कशी वापरणार? त्यांचा मुद्दा योग्य होता. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं आहे, घटनेत उद्देश 'व्यायाम, क्रीडा व सांस्कृतिक कार्य' एवढेच. आम्ही सर्वसाधारण सभा बोलावली, ठराव केला, आणि हजाराच्या वरच्या प्रत्येक देणगीदाराकडे परत जाऊन सही घेतली. दोघांनी पैसे परत मागितले, त्यांना दिले. एकाने दुप्पट केले.

काय केलं

सत्कार झाला, पण तालमीच्या आवारात, स्टेजशिवाय. भेळ, चहा आणि जुने फोटो. खर्च साठ हजारांच्या आत बसवला. गेलेल्या तिघांच्या घरच्यांना आधी बसवलं. ठाण्याहून राईट हाफ आला. पंचवीस वर्षांनी तो तालमीच्या उंबऱ्याच्या आत आला, आणि ज्यांनी त्याच्या वडिलांशी बोलणं टाकलं होतं त्यातले एक म्हातारे पदाधिकारी उठून त्याच्यापाशी गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. दोघे बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते.

उरलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवले. पैसे हातात न देता रुग्णालयाच्या नावे धनादेश द्यायचा, हा नियम केला.

अस्थिरोगतज्ज्ञांनी लेफ्ट आऊटला तपासून सांगितलं की जुन्या लिगामेंटची शस्त्रक्रिया आता उपयोगाची नाही, आतल्या बाजूची गादी झिजून पायाला बाक आला आहे. सांधा बदलता येईल, पण ४९ व्या वर्षी बदललेला सांधा पुढे पुन्हा बदलावा लागू शकतो. दुसरा मार्ग होता नडगीच्या हाडाला काप देऊन बाक सरळ करायचा, म्हणजे भार बाहेरच्या चांगल्या बाजूवर जातो. निर्णय त्याचा होता. त्याने दुसरा मार्ग घेतला. निम्म्या दराची सवलत मिळून बिल अडुसष्ट हजार झालं.

स्टॉपरला मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं. मुलीने सगळं लिहून नेलं होतं, खेळाचा इतिहाससुद्धा. निदान स्मृतिभ्रंशाचंच झालं. औषधाने आजार उलटत नाही, काही काळ लक्षणं थोडी सावरतात. दुकान मुलीच्या नावावर केलं, आणि गल्लीतल्या चार घरांना जाऊन सांगितलं की ते दारू पीत नाहीत, त्यांना आजार आहे. त्या घरच्यांना सगळ्यात जास्त उपयोग या शेवटच्या कामाचा झाला, असं मुलगी म्हणते.

एक पाकीट मात्र आम्ही घेतलं. प्रतिस्पर्धी तालमीचा त्या काळचा कॅप्टन रात्री साडेनऊला माझ्या घरी आला, दहा हजार ठेवले आणि म्हणाला, लेफ्ट आऊटला तो फाऊल आमच्याच पोराने केला होता, नाव लिहू नका. पावती 'एक फुटबॉलप्रेमी' या नावाने फाडली.

निष्पत्ती

लेफ्ट आऊटचा पाय सरळ झाला. जिना तो आता तोंड पुढे करून उतरतो. मांडी घालून बसता येत नाही, थंडीत दुखतं. पण मधे एक मोठी चूक झाली. रुग्णालयाचा खर्च आम्ही काढला, आणि घरी बसलेल्या माणसाचा पगार विसरलो. तीन महिने पायावर भार टाकायला हळूहळू शिकायचं होतं. सातव्या आठवड्यात तो कुबड्या घेऊन कामावर परत गेला, कारण मालक दुसरा माणूस बघत होता आणि घरात किराणा संपला होता. हे आम्हाला वहिनींकडून कळलं, तेही दहाव्या आठवड्यात. मग उरलेल्या दिवसांचा पगार दिला. हाड जुळायला त्यामुळे वेळ लागला.

फाउंड्रीतल्या दोघांच्या कागदपत्रांचं काही झालं नाही. कंत्राटदार तीनदा बदललेला, जुनी हजेरी कुणाकडे नाही.

सध्याच्या संघासाठी दोन नियम केले. हंगामाआधी प्रत्येक खेळाडूचा अपघात विमा, आणि दुखापत झालेला खेळाडू डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मैदानात उतरणार नाही. पुढच्याच हंगामात परीक्षा झाली. उपांत्यपूर्व सामन्याच्या आदल्या दिवशी आमच्या स्ट्रायकरचा गुडघा सुजला. तो स्वतः खेळायला तयार होता, रडत होता. प्रशिक्षक म्हणाले अर्धा तास तरी उतरवू. रात्री अकरापर्यंत बैठक चालली. एमआरआय झाल्याशिवाय नाही, हे पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं. सामना टायब्रेकरवर गेला आणि आम्ही हरलो. गॅलरीतून जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एमआरआयमध्ये गादीला चीर निघाली. तो पाच महिन्यांनी परत खेळायला लागला.

पुन्हा करायचं झालं तर

चौकशी पंचवीस वर्षांनी करायची गोष्ट नव्हती. खेळाडू संघातून बाहेर पडला की पहिल्या वर्षभरातच त्याच्या घरी जायला हवं. तेव्हा गुडघ्याची शस्त्रक्रिया उपयोगाची असते, वय नोकरीच्या अर्जात बसतं, आणि माणूस अजून मंडळावर रागावलेला नसतो.

उपचाराचा अंदाज काढताना आता बुडालेली रोजी पहिल्या ओळीत लिहितो, बिल नंतर.

सगळ्यात अवघड निर्णय १९९७ चा होता, आणि तो आजही रोज समोर येतो. चांगल्या पोराला बाहेरून बोलावणं आलं की सामना आहे म्हणून थांबवायचं का? आमच्याच शहरातला अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. लहानपणीच घराबाहेर पडला म्हणून हे झालं. बैठकीत अजून एकमत नाही. मी माझं मत इतिवृत्तात लिहून ठेवलं आहे: चाचणीची तारीख आणि सामन्याची तारीख एक आली तर मंडळाने तिकिटाचे पैसे द्यावेत.

राखीव बॅक अजून सापडलेला नाही. इचलकरंजीत सायझिंगमध्ये (सुताला खळ लावायच्या कारखान्यात) होता, तिथून भिवंडीला गेला, इतकं कळलंय. रिक्षावाल्यांपैकी एकाचा मेहुणा भिवंडीत आहे. दिवाळीत तो गावी आला की मी त्याच्याकडे फोटो देणार आहे.